मनातले भाडेकरू

"सर, काय काढू?" असं विचारलं की पिंजारी सर ऐकू न आल्यासारखं करायचे. पुन्हा विचारलं की खिडकीबाहेर बघायचे. तिसऱ्यांदा कुणी विचारलंच, तर शांतपणे म्हणायचे, "माले नको ईचारू. तुना मनमा काय शे?" म्हणजे मला विचारू नकोस, तुझ्या मनात काय आहे? यावलच्या आमच्या शाळेत ही अहिराणी ऐकून पोरं फिदीफिदी हसायची, कारण आमच्याकडची बोली वेगळी. सर धुळे जिल्ह्यातले, नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले. एरवी वर्गात ते स्वच्छ पुस्तकी मराठी बोलत. मनापासून काही म्हणायचं झालं की मात्र आपोआप अहिराणीत उतरत.

युसूफ पिंजारी आमचे चित्रकलेचे शिक्षक. मी पाचवीत असताना ते शाळेत आले. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर काहीही काढलं नाही. एकेक कोरा कागद वाटला आणि म्हणाले, "जे वाटेल ते काढा. कुणी काही सांगणार नाही, कुणी रागावणार नाही." एवढं बोलून ते टेबलावर पाय हलवत बसून राहिले. आम्हाला अशी सवय नव्हती. पाच-दहा मिनिटं सगळे एकमेकांची तोंडं बघत होतो. मग एकानं पेन्सिल टेकवली आणि पाठोपाठ सगळा वर्ग कामाला लागला.

तास संपायच्या आधी सरांनी बाकं मागे ढकलायला लावली आणि आमची त्रेचाळीस चित्रं जमिनीवर ओळीनं मांडली. एकोणचाळीस चित्रांत दोन डोंगर होते आणि त्यांच्यामधून उगवणारा सूर्य. डोंगरातून नदी, नदीकाठी कौलारू झोपडी, झोपडीशेजारी नारळाचं झाड. उरलेल्या चारांत सूर्य उजवीकडे होता.

"मी काही सांगितलं होतं का?" सरांनी विचारलं.

"नाही, सर."

"मग हे कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही, सर."

"बरं. नारळाचं झाड कुणाकुणाच्या घरी आहे?"

एकही हात वर गेला नाही. सरांनी खिडकी पूर्ण उघडली. बाहेर केळीची बाग होती, थेट शाळेच्या कुंपणापर्यंत आलेली. तिच्यामागे सातपुडा, लांबच लांब, एका रेषेत पसरलेला. दोन टोकदार डोंगर आणि मध्ये सूर्य असं आमच्याकडे काही दिसतच नाही. आम्ही खिडकीबाहेर पाहिलं, जमिनीवर पाहिलं, आणि कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळा वर्गच हसायला लागला. सरही हसले. त्यांनी एकेका चित्राखाली लाल पेन्सिलीनं शेरा लिहिला, "ऐकलं." सही केली आणि कागद परत दिले.

पुढच्या आठवड्यात त्यांनी घरून शाळेपर्यंतच्या वाटेवर दिसलेलं काहीही काढायला सांगितलं. मी माझ्या वडिलांना, आबांना काढलं. आबा केळीच्या गाड्या भरायच्या कामावर जायचे. डोक्यावर गोणपाटाची घडी, तिच्यावर घड, आणि चिकानं काळा झालेला सदरा. चित्र वेडंवाकडं होतं, आबांचा एक हात दुसऱ्यापेक्षा बराच लांब झाला होता. सरांनी खूप वेळ ते हातात धरलं आणि खाली लिहिलं, "पाहिलं." मला दुसऱ्या कुठल्याच विषयात एवढे मार्क मिळाल्यासारखं वाटलं नाही, आणि हे तर मार्कही नव्हते.

सर दिसायला साधेच होते. उंच, किडकिडीत, कानाच्या पाळीला नेहमी कुठला तरी रंग लागलेला. सायकलवर यायचे आणि ओळखीचं कुणी दिसलं की न बोलता नुसती घंटी वाजवायचे. चहा पिताना बशी वापरायचे. माणसाच्या मनाबद्दल बोलणं हा त्यांचा छंद होता, आणि त्यासाठी समोर शिक्षकच हवेत असं नव्हतं. न्हाव्याच्या दुकानात, एसटीच्या रांगेत, पालकसभेत, कुठेही ते सुरू व्हायचे. "मन आपलंच असतं," ते म्हणायचे, "पण त्यात भाडेकरू फार. आई राहते, गल्ली राहते, जात राहते, टीव्ही राहतो. सगळे मोठ्यानं बोलतात. घरमालक बिचारा मागच्या खोलीत. त्याचा आवाज ऐकायचा तर थोडं थांबावं लागतं."

गणिताच्या पाटील सरांशी त्यांचा या विषयावर कायम वाद चालायचा. पाटील सरांचं मत असं, की माणूस काहीही ठरवत नाही. जे घडणार ते आधीच्या कारणांनी ठरलेलं असतं, आपल्याला फक्त वाटतं की आपण ठरवलं. एकदा मी वह्यांचा गठ्ठा घेऊन शिक्षकांच्या खोलीत गेले तेव्हा पाटील सर सांगत होते, "आता मधल्या सुट्टीत मी चहा पिणार, हेसुद्धा ठरलेलंच आहे." मधली सुट्टी झाली. सगळ्यांना चहा आला, पाटील सरांना आला नाही. पिंजारी सरांनी शिपाईमामांना आधीच सांगून ठेवलं होतं.

"ठरलेलंच होतं, पाटील सर," पिंजारी सर गंभीर चेहऱ्यानं म्हणाले. "आज तुम्हाला चहा नाही."

"तुम्ही असा चावटपणा करणार, हेही ठरलेलंच होतं."

"मग चिडता कशाला? माझा बिचाऱ्याचा काय दोष?"

पाटील सरांना हसू आवरेना. पिंजारी सरांनी स्वतःच्या कपातला अर्धा चहा बशीत ओतून त्यांच्यापुढे सरकवला. मी दाराशी उभी होते. बाहेर पडताना सर माझ्यासोबत आले आणि म्हणाले, "पाटील सरांचं अर्धं खरं आहे, बरं का. पण उरलेल्या अर्ध्यात आपल्याला राहायचं आहे."

त्यांची मुलगी रुबीना माझ्याच वर्गात होती. आम्ही पाचवीपासून बारावीपर्यंत एका बाकावर बसलो. रुबीना हुशार होती, विशेषतः मोजमापात. वर्गाची लांबी पावलांनी मोजून ती अचूक सांगायची. सरांच्या मनात फार दिवसांपासून होतं की तिनं आर्किटेक्ट व्हावं. घरी भिंतीवर त्यांनी कुठल्या कुठल्या इमारतींची चित्रं लावली होती. रुबीनाही विचारलं की तेच सांगायची. त्यामुळे बारावीचा निकाल लागला त्या आठवड्यात जे झालं, त्याची मला जराही कल्पना नव्हती.

सरांच्या घराण्याचा धंदा त्यांच्या आडनावातच आहे. त्यांचे वडील खांद्यावर धनुष्यासारखं पिंजण घेऊन गावोगाव फिरायचे, लोकांच्या ओसरीवर बसून जुन्या गाद्यांचा कापूस पिंजून द्यायचे. लहानपणी सर सोबत असायचे. केसांत, भुवयांत, नाकात कापूस. शाळेतली मुलं त्यांना म्हातारा म्हणायची. वडिलांना शेवटी खोकल्यानं धरलं. सरांनी चित्रकलेच्या परीक्षा दिल्या, शिक्षक झाले आणि पुन्हा कधी कापसाला हात लावला नाही. रुबीनानं एकदा मला सांगितलं होतं की अब्बा चटईवर झोपतात. पाठीसाठी चांगलं असतं म्हणून, असं ते सगळ्यांना सांगायचे.

त्यांच्या धाकट्या भावानं मात्र धंदा धरून ठेवला होता. धुळ्यात त्यांचं गादीघर होतं. आता पिंजायला मशीन होतं, पण त्यांना मूलबाळ नव्हतं आणि गुडघे दुखत होते, म्हणून दुकान बंद करायचं चाललं होतं. रुबीना दर सुट्टीत चाचांकडे जायची. आम्हाला वाटायचं, फिरायला जाते.

आम्ही दोघी त्यांच्या घरी कॉलेजचे फॉर्म भरत बसलो होतो. सर शेजारी खुर्चीवर होते. रुबीनानं पेनाला टोपण लावलं आणि म्हणाली, "अब्बा, मला हा फॉर्म भरायचा नाही. मला चाचांचं गादीघर चालवायचं आहे."

सरांनी तिच्यापुढचा फॉर्म उचलून पाहिला. मग म्हणाले, "कुणी सांगितलं हे तुला? चाचांनी?"

"कुणीच नाही. चाचा तर नकोच म्हणतात."

"मग रक्त बोलतंय. ते तुझं मत नाही, बेटा. घराण्याचं आहे."

"आणि आर्किटेक्ट व्हायचं, हे कुणाचं मत होतं?"

ती हे उद्धटपणे म्हणाली नव्हती. खरोखर विचारलं होतं. सर उठले, चप्पल घातली आणि बाहेर गेले. सायकलही नेली नाही.

त्यानंतर ते रुबीनाशी बोलेनासे झाले. जेवताना समोर बसत, पण बोलत नसत. रुबीनाची आई दोघांच्या मध्ये निरोप्यासारखी झाली होती. गावात बातमी पसरली आणि लोक दोन्हीकडून बोलायला लागले. नातेवाईक म्हणाले, बाजारपेठेत दुकानावर मुलगी बसवणार का? शाळेतले शिक्षक म्हणाले, एवढं शिकवून पुन्हा तिथंच? रुबीनाला कुणी काही विचारलं नाही. ती माझ्याकडे येऊन गच्चीवर बसायची आणि सांगायची, "जया, मला त्या कामात मजा येते गं. एवढंच आहे. माणसाला ते सांगता का येऊ नये?"

अकराव्या दिवशी मी शाळेतून दाखला आणायला गेले होते. चित्रकलेच्या खोलीत सर ब्रश धूत होते. मला बघून त्यांनी स्टूल पुढे केलं.

"जयश्री, तुला मी लबाड वाटत असेन."

"नाही, सर."

"वाटत असलं तर बोल. वर्गात त्रेचाळीस पोरांची चित्रं जमिनीवर मांडायला सोपं होतं. घरातलं एक मांडायचं राहून गेलं." त्यांनी ब्रश फडक्यानं पुसला. "मी बापाचा धंदा सोडला. आजवर सांगत आलो, मी ठरवलं आणि सोडला. हे दहा दिवस विचार करतोय. मी ठरवलं होतं का? का पोरं म्हातारा म्हणाली म्हणून सोडला? का बाप खोकत होता म्हणून? माले काहीच समजत नही. मग तिला कुठल्या तोंडानं विचारू, की तुझं हे खरं तुझंच आहे का?"

मी एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही तिला काम करताना बघितलंय का?"

त्यांनी बघितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं दोघं बापलेक धुळ्याला गेले. वाटेतही बोलले नाहीत, असं रुबीनानं नंतर सांगितलं. सर दुकानाच्या एका कोपऱ्यात दिवसभर बसून राहिले, तोंडाला रुमाल बांधून. दुपारी एक ट्रक ड्रायव्हर आला, त्याला गाडीत टाकायला गादी हवी होती. रुबीनानं त्याला किती जाड हवी असं विचारलंच नाही. तो झोपतो कसा, कुशीवर की पाठीवर, सकाळी कुठे दुखतं, हे विचारलं. मग कागदावर गादीची आडवी आकृती काढून कुठे कापूस दाबून भरायचा, कुठे सैल, ते त्याला समजावून दिलं. नंतर एक म्हाताऱ्या आजी आल्या, लग्नात मिळालेली गादी घेऊन. नवी करून द्या, पण वास तोच राहू द्या, म्हणाल्या. रुबीनानं जुना कापूस उन्हात घालून, पिंजून, त्यांच्याच खोळीत भरून द्यायचं कबूल केलं. सर हे सगळं बघत होते. संध्याकाळी परतीच्या गाडीत त्यांनी तिला पहिला प्रश्न विचारला, "त्या ड्रायव्हरच्या कमरेखाली एक थर जास्त का घातलास?" अमळनेर येईपर्यंत ती तेच समजावत होती.

पुढे मला भेटले तेव्हा ते खुशीत होते. "लोक म्हणतात, पिंजारी सरांनी परवानगी दिली. मी दिली नाही. दिली असती तर ते माझं झालं असतं. मी फक्त दारातून बाजूला झालो."

"आणि लोक बोलतात त्याचं काय?"

"ते बोलणारच. तिनं एकटीनं ऐकून घ्यायचं, का आम्ही दोघांनी मिळून ऐकायचं, एवढंच माझ्या हातात आहे. ते अकरा दिवस ती एकटी होती. ती माझी चूक."

रुबीना धुळ्याला गेली. सोबत दूरशिक्षणानं पदवीही करत राहिली. दुकानाची पाटी सरांनी स्वतः रंगवली. त्यांना तिच्यावर पिंजणाचं सुंदर चित्र काढायचं होतं. रुबीनाला फक्त नाव आणि दुकानाची वेळ हवी होती. दोन दिवस वाद झाला आणि मुलगी जिंकली. पण 'पिंजारी' हे नाव सरांनी एवढं मोठं काढलं की वेळ लिहायला कोपऱ्यात जेमतेम जागा उरली.

निवृत्तीनंतर सर आणि काकू धुळ्यालाच राहायला गेले. मी तोवर बीएस्सी करून नरडाण्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीच्या प्रयोगशाळेत लागले होते. सुट्टीच्या दिवशी दुकानावर जायचे. सरांना तेव्हा गल्ल्याजवळ बसवलेलं असायचं, पण ते फार दिवस टिकलं नाही. गिऱ्हाईक म्हणायचं, लाल खोळ द्या. सर विचारायचे, "लालच का?" गिऱ्हाईक विचारात पडायचं आणि उद्या येतो म्हणून निघून जायचं. एका जोडप्याला तर त्यांनी असं विचारात टाकलं की दोघं दुकानातच भांडायला लागले. शेवटी रुबीनानं त्यांची खुर्ची आत, मशीनपलीकडे नेऊन ठेवली. "अब्बा, तुम्ही मनं पिंजायला लागता," ती म्हणाली. "इथं कापूस पिंजायचा आहे." हे वाक्य सर पुढे सगळ्यांना कौतुकानं सांगत असत.

तीन वर्षांपूर्वी माझ्यावरही वेळ आली. कंपनीनं मला वापीच्या कारखान्यात प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून जायला विचारलं. घरी सांगितलं तर आई म्हणाली, "एकटी राहशील तिथं? मग स्थळ कोण आणणार?" भाऊ म्हणाला, इथं काय कमी आहे. मावशीनं सावद्याहून फोन करून रडून घेतलं. शेवटी मला स्वतःलाच कळेना, मला जायचं आहे की यांच्यावरच्या रागानं जावंसं वाटतंय. मी सरांना फोन केला.

"सर, जाऊ का?"

"मी नाही सांगणार."

"सर, प्लीज. आता मी पाचवीत नाही."

"म्हणूनच नाही सांगणार." मग त्यांचा आवाज मऊ झाला. "हे बघ, जयश्री. गेलीस तरी लोक बोलतील, नाही गेलीस तरी तू स्वतःला बोलशील, कदाचित. ते मला थांबवता येणार नाही. पण तू काहीही ठरव. रोज संध्याकाळी मला फोन करायचा आणि आज कोण काय बोललं ते सांगायचं. आपण दोघं ऐकू."

मी दोन दिवस कुणाशी फारसं बोलले नाही. तिसऱ्या दिवशी कंपनीला होकार कळवला. राग कुठे संपला आणि इच्छा कुठे सुरू झाली हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

वापीला गेल्यावर मी रोज संध्याकाळी सरांना फोन करत होते. मावशी काय म्हणाली, शेजारच्या काकूंनी आईला काय विचारलं, गावातल्या कुणी आबांना बसस्टँडवर काय टोमणा मारला. सर सगळं नीट ऐकायचे, मध्येच म्हणायचे, "वा, हे नवीन आहे," आणि हसत सुटायचे. त्यांच्याबरोबर मीही हसायचे, आणि दुपारी ज्यानं डोळ्यात पाणी आलेलं असायचं तेच संध्याकाळी गमतीचं होऊन जायचं. महिन्याभरानं एका संध्याकाळी मी म्हणाले, "सर, आज कुणी काहीच बोललं नाही."

"कालही नाही?"

"कालही नाही."

"देख," सर म्हणाले, "लोकसुद्धा दमतात."

गेल्या हिवाळ्यात सर गेले. दुपारी जेवून आडवे झाले आणि उठले नाहीत. मला पोचायला उशीर झाला, दफन आदल्या दिवशीच झालं होतं. दुकान बंद होतं, पण अर्धं शटर वर करून आत माणसं बसली होती. जागोजागचे जुने विद्यार्थी आले होते, गाद्यांच्या गठ्ठ्यांवर, जमिनीवर, जिथं जागा मिळेल तिथं. पाटील सर काठी टेकवत आले होते. सुरुवातीला सगळे खाली मान घालून होते. मग आमच्या मागच्या तुकडीतला सुनील बोलायला लागला. त्यानं चांगली नोकरी सोडून शेळ्या पाळल्या होत्या आणि वर्षभरात सगळं बुडालं होतं.

"सरांनी मला कधी म्हटलं नाही की कर," सुनील म्हणाला. "बुडाल्यावर असंही नाही म्हटलं की करायला नको होतं. मी रडत फोन केला, तर सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, त्यातली तुझी सर्वांत आवडती शेळी कोणती होती? मी सांगितलं. मग अर्धा तास आम्ही त्या शेळीबद्दल बोलत होतो."

कुणीतरी हसू दाबलं. ते दुसऱ्याला दिसलं, तोही हसला. पाटील सरांनी चष्मा काढून डोळे पुसले, पण त्यांचे खांदे हसण्यानं हलत होते. एवढ्यात आतल्या दारात रुबीना येऊन उभी राहिली आणि आम्ही सगळे एकदम गप्प झालो. तिचे डोळे सुजले होते. तिनं आमच्याकडे एकेकाकडे पाहिलं.

"थांबलात का?" ती म्हणाली. मग सुनीलसमोरच्या गादीवर येऊन बसली आणि ओढणी सावरत तिनं विचारलं, "कोणती होती ती शेळी?"